वेदनाशामकांचा हिशेब एकट्या खेळाडूच्या माथी का?

महोदय,

अमेरिकन फुटबॉलमधला एखादा निवृत्त खेळाडू वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेल्याची बातमी आली, की चर्चा त्याच्या स्वभावापाशी येऊन थांबते. हाताशी पैसा होता, मोह आवरला नाही, विषय संपला! पण गोळी कोणी मागवली, कोणाच्या कपाटात ठेवली, खेळाडूच्या हातावर कोणी टेकवली आणि तिची नोंद कोणी टाळली, हे क्रमाने पाहिले तर दोषाचा मोठा वाटा संघमालक आणि एनएफएल या लीगकडे जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी औषधांविषयी, कारण बातम्यांत सगळी औषधे एकाच टोपलीत टाकली जातात. केटोरोलॅक, म्हणजे खेळाडूंच्या बोलण्यातले ‘टोराडॉल’, हे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचे सवय लावणारे वेदनाशामक, नाही. त्याचे व्यसन लागत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र वेदनेसाठी थोडे दिवस द्यायचे हे औषध. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची त्यावर चौकटीतली इशारासूचना आहे: तोंडाने आणि इंजेक्शनने मिळून 5 दिवसांपेक्षा जास्त देऊ नये, कारण जठरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडाला इजा होते आणि प्लेटलेट्सचे काम मंदावल्याने रक्त थांबायला वेळ लागतो. एनएफएलमध्ये मात्र हेच औषध वर्षानुवर्षे सामन्याआधी स्नायूत टोचले गेले, अनेकदा दुखू लागण्याच्या आधीच. ज्या खेळात डोक्यावर डोके आपटते, तिथे रक्त गोठण्यात अडथळा आणणारे औषध आधीच देऊन ठेवायचे, याला उपचार म्हणणे मला जड जाते.

त्याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. दुखणे दबले की खेळाडू दुखऱ्या सांध्यावर पूर्ण भार टाकतो. सामन्यानंतर औषधाचा अंमल उतरतो तेव्हा मूळची दुखापत वाढलेली असते. मग रात्री झोप लागावी म्हणून हायड्रोकोडोन किंवा ऑक्सिकोडोन ही ओपिऑइड औषधे येतात. म्हणजे टोराडॉल स्वतः व्यसन लावत नसले, तरी व्यसनाच्या दाराशी नेऊन सोडते. 2012 मध्ये एनएफएलच्या संघ-डॉक्टरांच्या अभ्यासगटाने हे औषध प्रतिबंधक म्हणून देऊ नये, दुखापतीच्या अधिकृत यादीत नाव असलेल्यालाच द्यावे, मात्रा कमीत कमी ठेवावी, असे सुचवले. पण ती शिफारस होती, सक्ती नव्हती.

ओपिऑइड गोळ्यांचे गणित आणखी वेगळे. ‘व्हायकोडिन’च्या जुन्या गोळीत 5 मिलिग्रॅम हायड्रोकोडोनसोबत 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असे. पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे आठ गोळ्यांत ती संपते. रोज ओपिऑइड घेतले की काही आठवड्यांत शरीर सरावते आणि तेवढ्याच आरामासाठी जास्त गोळ्या लागतात. दिवसाला पंधरा गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात साडेसात ग्रॅम पॅरासिटामॉल जाते आणि यकृत निकामी होण्याचा धोका उभा राहतो. 2011 मध्ये औषध प्रशासनाने अशा मिश्र गोळ्यांतले पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅमपर्यंत खाली आणायला सांगितले, ते याच धोक्यामुळे.

आणि खेळाडूला आपण अडकलो आहोत हे लवकर का कळत नाही? या गोळ्या बंद झाल्या की साधारण 8 ते 24 तासांत अंग मोडून येते, घाम सुटतो, झोप उडते, हगवण लागते. आठवड्याला एकदा अंग ठेचून घेणाऱ्या माणसाला हे अंग दुखणे कालच्या सामन्याचेच वाटते. तो पुन्हा गोळी घेतो, आराम पडतो आणि समज पक्का होतो. हा फरक ओळखणे हे डॉक्टरचे काम आहे. पण किती गोळ्या गेल्या याची नोंदच नसेल, तर डॉक्टर तरी कशावरून ओळखणार?

नोंदीचा प्रश्न थेट कायद्याचा आहे. अमेरिकेचा नियंत्रित औषधांचा कायदा 1970 चा. ऑक्सिकोडोन त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत, आहे. हायड्रोकोडोनच्या मिश्र गोळ्याही ऑक्टोबर 2014 पासून तिथेच आल्या. या गोळ्या कुलपात ठेवायच्या, आवक-जावक लिहायची, एकाच चिठ्ठीवर पुन्हा द्यायच्या नाहीत. डॉक्टरची नोंदणी ठिकाणाशी बांधलेली असते; साठा बॅगेत भरून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. ट्रेनरला तर ही औषधे वाटण्याचा अधिकारच नाही. संघ मात्र हंगामातले निम्मे सामने परगावी खेळतो. परतीच्या विमानात गोळ्या वाटल्या जात आणि त्यावर बिअर घेतली जाई, असे खेळाडूंच्या दाव्यांत म्हटले आहे. ओपिऑइड आणि दारू दोन्ही श्वास मंदावतात, हे कुठल्याही डॉक्टरला सांगावे लागत नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्रीय अमली पदार्थ यंत्रणेने सामने संपल्यावर काही संघांच्या वैद्यकीय पथकांची अचानक तपासणी केली, ती परगावी औषधे कशी नेली आणि दिली जातात हे पाहण्यासाठीच.

2017 मध्ये न्यायालयीन कागदांतून बाहेर आलेला एक आकडा पाहा. 2012 या एका वर्षात सरासरी एका संघाने 5,777 मात्रा दाहशामक औषधांच्या आणि 2,213 मात्रा नियंत्रित औषधांच्या दिल्या. 53 जणांच्या पथकाने भागले तर नियंत्रित औषधांच्या माणशी चाळीसहून अधिक मात्रा होतात. सराव शिबिरात पथक मोठे असते, त्यामुळे हा भागाकार ढोबळ आहे. पण काही खेळाडू एकही गोळी घेत नाहीत, हेही धरा. म्हणजे बाकीच्यांच्या वाट्याला किती आल्या याचा अंदाज येईल.

रिचर्ड डेंट आणि इतर माजी खेळाडूंनी 2014 मध्ये लीगवर दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने तो फेटाळला. हा वाद कामगार कराराच्या चौकटीतला आहे, असे कारण दिले. 2018 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. औषधे कायद्याप्रमाणे हाताळण्याचे कर्तव्य करारातून जन्माला येत नाही, त्यामुळे कराराकडे बोट दाखवून ते टाळता येत नाही, हा त्यातला माझ्या मते कळीचा मुद्दा. औषधे संघांच्या डॉक्टरांनी दिली, आम्ही नव्हे, हा लीगचा बचाव. तांत्रिकदृष्ट्या तो तपासावाच लागेल. पण सामन्यांचे वेळापत्रक आणि दुखापत-यादीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने औषधांपुरते हात झटकावेत, हे पटणारे नाही.

खेळाडू निर्दोष आहेत, असे मी म्हणत नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 2011 मधल्या पाहणीत 644 निवृत्त खेळाडूंपैकी 52 टक्क्यांनी कारकिर्दीत ओपिऑइड घेतल्याचे सांगितले आणि त्यातल्या 71 टक्क्यांनी त्यांचा गैरवापर केल्याचेही कबूल केले. सहकाऱ्याकडून गोळ्या घेणे, डॉक्टरपासून लपवणे हे घडले आहे. पण त्यांच्या संमतीचे वजन करताना परिस्थिती पाहावी लागेल. बहुतेकांच्या करारातला मोठा भाग हमीचा नसतो. एक सामना बाहेर बसले की जागा दुसऱ्याची. सप्टेंबर 2020 मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्सचा टायरॉड टेलर याच्या मोडलेल्या बरगड्यांसाठी सामन्याआधी वेदनाशामक इंजेक्शन देताना संघाच्या डॉक्टरकडून त्याचे फुफ्फुस टोचले गेले. त्याच्या जागी उतरलेला नवखा खेळाडू पुढे संघात कायम झाला. चूक डॉक्टरच्या सुईची, जागा गेली खेळाडूची.

लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2011 च्या सामूहिक करारात, संघ-डॉक्टरचे पहिले कर्तव्य संघाशी नसून रुग्ण-खेळाडूशी आहे, असे लिहिले आहे. पण त्याला नेमणारा, पैसे देणारा आणि काढणारा संघच असेल, तर त्या ओळीला बळ कुठून येणार? हार्वर्डच्या अभ्यासकांनी 2016 मध्ये उपाय सुचवला होता: खेळाडूवर उपचार करणारा डॉक्टर वेगळा असावा आणि संघासाठी तंदुरुस्ती तपासणारा वेगळा. लीगने ते अव्यवहार्य ठरवले. खेळाडू संघटनेने वाटाघाटीत हा मुद्दा शेवटपर्यंत लावून धरायला हवा होता.

2019 पासून लीग आणि संघटनेची संयुक्त वेदना-व्यवस्थापन समिती आहे, प्रत्येक संघाला वेदनातज्ज्ञ नेमावा लागतो आणि बाहेरच्या डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठ्यांवरही देखरेख ठेवण्याची तरतूद झाली. हे चांगलेच झाले. पण खरा धोका निवृत्तीच्या आठवड्यात असतो: पुरवठा एकदम थांबतो, दुखणे तसेच राहते आणि माणूस बाजारातल्या बनावट गोळीकडे वळतो. म्हणून संघ सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीत प्रत्येकाला त्याला दिलेल्या औषधांची पूर्ण नोंद हाती द्यावी. रोज ओपिऑइड घेणाऱ्याची मात्रा एका झटक्यात तोडू नये. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ घेत असेल तर महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही हळू उतरवावी. ज्याला ते जमत नाही त्याला ब्युप्रेनॉर्फिनचे, म्हणजे ओपिऑइडची ओढ आवरणाऱ्या औषधाचे, उपचार सुरू करून द्यावेत, घरात नॅलोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडच्या अतिमात्रेवरच्या उताऱ्याचा, फवारा असावा आणि घरच्यांना तो वापरायला शिकवावा. हा सगळा खर्च, खेळाडू किती हंगाम खेळला याची अट न घालता, ज्या संघाने गोळ्या दिल्या त्यानेच उचलावा.

आपला,
एक वाचक