डिस्चार्ज कार्डावर 'लिव्हर'चीही एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्लूची साथ आली की जिल्हाभरातून, शेजारच्या कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेत दाखल होतात. छाती भरलेली, ऑक्सिजन कमी. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट येतो, त्यात एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीत मोजली जाणारी एन्झाइम्स) वाढलेले दिसतात आणि नातेवाईक हबकतात, "आता कावीळ पण झाली का?" मग कुणीतरी गावाकडून कावीळीचं झाडपाल्याचं औषध आणायला निघतो. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन नॉर्मल आहे, हे कुणी पाहतच नाही.

कोविडच्या पहिल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अहवालांत दाखल रुग्णांपैकी १४ ते ५३ टक्के जणांची ही एन्झाइम्स वाढलेली आढळली होती. बहुतेकांत वाढ थोडी असते आणि आजार उतरला की तीही उतरते. रक्तात ऑक्सिजन कमी पडणं, अंगभर उठलेला दाह, आधीपासूनचं फॅटी लिव्हर, शिवाय दिलेली औषधं, अशी कारणं एकात एक मिसळलेली असतात. एसजीओटी तर स्नायूंतूनही येतं. अंग ठेचून निघालेल्या फ्लूमध्ये त्याचा सगळा दोष लिव्हरवर ढकलता येत नाही.

घरून काय घेऊन आलो, हे मात्र रुग्ण सांगत नाहीत. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, आणि दोन्हींत पॅरासिटामॉल, जे जास्त झालं की लिव्हरलाच बाधतं. दारूचा विषय निघाला की "कधीतरी" एवढंच उत्तर. गुळवेलीचा काढा तर औषधात मोजतच नाहीत. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं. वाद चालू राहो. डॉक्टरांना काढा घेतल्याचं सांगायला काय हरकत आहे?

माझी खरी तक्रार पुढची आहे. खोकला थांबला की रुग्ण घरी जातो आणि तो वाढलेला आकडा फाइलीतच राहतो. आमच्या नात्यातल्या एकाच्या डिस्चार्ज कार्डावर लिव्हरचा उल्लेखच नव्हता. आकडा उतरला नाही, तर फॅटी लिव्हर किंवा हिपॅटायटिस बी-सी शोधायची ती संधी असते. जिल्ह्यातल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी कार्डावर दाखल होतानाचा आणि घरी जातानाचा एसजीपीटी, आणि पुन्हा तपासायची तारीख लिहावी. तीही मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात.

आपला,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)