अंगाऱ्याआधी बाह्यरुग्ण विभाग

कानात आवाज येणे, शेजारी पाळत ठेवतात अशी पक्की खात्री वाटणे, रात्र-रात्र झोप न लागणे. मनोविकाराच्या अशा लक्षणांवर आधी अंगारा, मग ‘लग्न लावून द्या’ आणि डॉक्टर सर्वांत शेवटी. तोवर महिने निघून जातात. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही आहे. तिथे गेले म्हणजे दाखलच करतात, असे नाही. लक्षणे कधीपासून, झोप किती, दारू-गांजा आहे का, चालू गोळ्या कोणत्या, हे कागदावर लिहून न्यावे. भास खरा की खोटा यावर वाद घालू नये. ‘झोप लागत नाही ना, त्यासाठी जाऊ’ म्हटले तर माणूस निघतो तरी. सोबत ताप किंवा अचानक बरळणे असेल, तर मात्र थेट मोठ्या रुग्णालयात. मेंदूज्वरही असू शकतो.

गोळ्यांचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटताच त्या परस्पर बंद केल्या जातात आणि आजार उलटतो. गोळ्यांमुळे मान किंवा जबडा आखडला तर लगेच डॉक्टर गाठावेत. त्यावर उपाय आहे, गोळी बदलताही येते. सल्ल्यासाठी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन : १४४१६, मोफत, चोवीस तास. जीव देण्याची भाषा असेल तर एकटे सोडू नये, १०८ लावावा.

– एक मनोविकार परिचारिका, ठाणे