स्टेलाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याआधी

इंदूर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

स्टेलाचा काल रात्री फोन आला. तू हो म्हणालास हे तिच्याकडूनच कळलं. "मावशी, बाळाचा धर्मपिता, म्हणजे गॉडफादर, निखिलदादाच हवा, दुसरं कुणी नको," म्हणत होती. ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. बाबांनी तर सकाळी पोहे आणायला गेले तिथेच दोघा-तिघांना सांगून टाकलं. बाप्तिस्मा जानेवारीत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या रविवारी, लाल चर्चमध्ये.

आता कागदांचं. तुझ्या बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढायचा. नव्या दाखल्यावर दृढीकरणाची, म्हणजे पुढे तेल लावून श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची, नोंदही येते, म्हणून जुनी घडी पडलेली प्रत चालत नाही. ते बाबा बघतील. दुसरा कागद तुला स्वतःलाच आणावा लागेल. पुण्यात तू राहतोस तिथल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांचं पत्र. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. लोक शेवटच्या आठवड्यात ऑफिसात जाऊन उभे राहतात आणि फादर म्हणतात, मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. त्यांचंही बरोबरच आहे. हा माणूस आमच्यात उपासनेला, मिस्साला, येतो-जातो, ख्रिस्तप्रसादाची भाकर घेतो, अशी साक्षच द्यायची असते त्यांना. चर्चच्या 1983 च्या कायदासंहितेत कलम 874 मध्ये सगळं स्पष्ट आहे: वय 16 पूर्ण, कॅथलिक, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद झालेला, मुलाचा आई किंवा बाप नसलेला, आणि पत्करलेल्या जबाबदारीला शोभेल असं श्रद्धेचं जीवन जगणारा. बाकी सगळं तुझं आहेच. शेवटच्या अटीपाशी माझं मन अडतं.

मिस्साला जातोस का, हे मी विचारणार नव्हते. बाबांना तसं कबूलही केलं होतं.

धर्ममातेचंही सांगते. एकच धर्मपिता किंवा एकच धर्ममाता असली तरी चालतं. दोघं असतील तर एक पुरुष, एक स्त्री. स्टेलाला तिची ती शाळेतली मैत्रीण हवी आहे, पण ती सी.एन.आय. या प्रोटेस्टंट चर्चची. तिचा बाप्तिस्मा झालेला असला तरी तिला साक्षीदार म्हणूनच उभं राहता येईल, तेही कॅथलिक धर्मपिता सोबत असेल तरच. म्हणजे तिथे सगळी भिस्त तुझ्यावर.

विधी डोक्यात बसवून ये. सुरुवातीला फादर आईबापांना विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंत, चर्चकडे काय मागता. मग तुझ्याकडे वळून विचारतात, आईवडिलांना त्यांच्या कर्तव्यात मदत करायला तयार आहात का. तिथे 'हो' खणखणीत म्हण, ओठांतल्या ओठांत नको. मग बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस करायचा: आधी फादर, मग आईबाप, मग तू. पाण्याच्या आधी सैतानाचा त्याग आणि विश्वासाची कबुली येते. पुष्कळांना वाटतं, ही उत्तरं बाळाच्या वतीने द्यायची. हल्लीच्या विधीत तसं नाही. आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता आपापल्या श्रद्धेची कबुली देतात, आणि त्या श्रद्धेत बाळाला बाप्तिस्मा मिळतो. म्हणजे 'होय, माझा विश्वास आहे' हे निखिलने निखिलबद्दल म्हणायचं आहे. आता कळलं ना आई त्याच त्या गोष्टीवर परत परत का येते?

पुढचं सोपं आहे. तीनदा पाणी, डोक्यावर क्रिस्माचं पवित्र तेल, पांढरं वस्त्र, मग मेणबत्ती. ती ईस्टरच्या मोठ्या पास्का मेणबत्तीवरून पेटवतात; बहुतेक तुलाच सांगतील. खाली कागदाची चकती लाव, मेण हातावर येतं, आणि बाळाच्या झग्यापासून लांब धर. नंतर ती स्टेलाकडे तशीच देऊ नकोस. उन्हाळ्यात इथली कपाटं तापतात, उभी ठेवलेली मेणबत्ती मे महिन्यात वाकते. बटर पेपरमध्ये गुंडाळून, आडवी, खालच्या खणात ठेवायला सांग. दरवर्षी बाप्तिस्म्याच्या तारखेला ती पाच मिनिटं पेटवायची. वाढदिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो, ही तारीख तू लक्षात ठेवायची. येता आलं नाही तर व्हिडिओ कॉल कर, पण चुकवू नकोस. तुझे धर्मपिता फिलिपमामा तुझ्या बाप्तिस्म्याच्या तारखेला सायकलवरून यायचे, हातात लवंगी शेवेचा पुडा. तू दारातच पुडा काढून घ्यायचास आणि मग 'जय येशू' म्हणायचास, उलट्या क्रमाने. ते हसायचे. ते गेले तेव्हा तुझी परीक्षा होती, ते राहू दे.

त्यांच्यावरून आठवलं. क्रुसाची खूण शिकवताना पोरीच्या समोर बसू नकोस. मूल आरशासारखं करतं: तुझा उजवा हात बघून आपला डावा उचलतं, आणि खांदेही उलटे होतात. शेजारी बस किंवा मांडीवर घेऊन मागून तिचा उजवा हात धर. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. तुझा डावा हात सुटायला पहिलीचं वर्ष उजाडलं होतं, कारण फिलिपमामा समोर बसायचे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती 'प्रणाम मरिया' हिंदीतच शिकेल. घरी मराठीत म्हटलं तरी तिला टोकू नका, दोन्ही येऊ देत.

सात वर्षं झाली की मूल समजतं झालं असं चर्च मानते. त्या सुमारास पहिलं पापनिवेदन आणि मग पहिला ख्रिस्तप्रसाद. तिथे भेटवस्तूंची चढाओढ लागते, स्मार्टवॉच काय, सायकल काय. तू एक बायबल दे, तिला स्वतःला वाचता येईल अशा मोठ्या टायपातलं, आणि जपमाळ धाग्याची, कारण काचेच्या मण्यांची कडी आठवड्यात निसटते. ख्रिस्तप्रसादाच्या आधी तासभर काही खायचं नाही, पाणी चालतं, हे आदल्या दिवशी सांग. सकाळी चॉकलेट तोंडात टाकून आलेली पोरं रडतात. पापनिवेदनाची भीती वाटते म्हणाली तर सोबत चर्चपर्यंत जा, तू स्वतःही रांगेत उभा राहा, आणि बाहेर आल्यावर 'काय सांगितलंस' असं चुकूनही विचारू नकोस. तू स्वतः रांगेत, हे वाचलंस ना?

बघ, परत तेच. भाषण झालं, माफ कर.

ती तेरा-चौदाची झाली की खरी परीक्षा तुझी. चर्चला येत नाही म्हणेल. मैत्रिणींबरोबर अनंत चतुर्दशीच्या चित्ररथांच्या झांक्या बघायला जाईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तूही गेलास. स्टेला तुला म्हणेल, तू समजाव तिला. आईबापांचा हेर होऊ नकोस, आणि त्यांच्या पाठीमागे लाडही करू नकोस. घरात जे बोलता येत नाही ते बोलायला एक माणूस असावा, म्हणून तर तू आहेस. उपदेशाऐवजी एखाद्या रविवारी उदयनगरला घेऊन जा. सिस्टर राणी मारिया 25 फेब्रुवारी 1995 ला तिथूनच इंदूरला यायला बसमध्ये बसल्या होत्या, आणि वाटेत त्यांचा खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने पुढे मारेकऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला आपल्या इंदूरमध्येच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्या वयाच्या पोरीला हे क्षमेवरच्या दहा प्रवचनांपेक्षा जास्त कळतं.

दृढीकरणाच्या वेळीही बाप्तिस्म्याचाच धर्मपिता असला तर उत्तम, असं चर्च म्हणते. बिशप तेल लावतात तेव्हा तुझा उजवा हात तिच्या खांद्यावर असेल. तोवर तू कुठल्या देशात असशील देव जाणे.

दोन गैरसमज आधीच काढून टाक. आईबापांना काही झालं तर मूल धर्मपित्याकडे जातं, असं काही नसतं. कायद्याने तू पालक होत नाहीस. आणि चर्चच्या नोंदवहीत एकदा नाव चढलं की पुढे भांडण झालं म्हणून ते बदलून दुसऱ्याचं घालत नाहीत. मनोजकाकांचं आणि आपलं काय झालं ते तुला ठाऊक आहे. तरी त्यांच्या सनीच्या दाखल्यावर धर्मपिता म्हणून अजून बाबांचंच नाव आहे.

तर या रविवारी तिथल्या चर्चमध्ये जा. मिस्सा संपल्यावर फादरांना भेट, नाव सांग, सरळ सांग की मधली काही वर्षं आलो नाही. पत्र लगेच देणार नाहीत, दोन-तीन महिने येत राहा म्हणतील. म्हणून तर आत्ता लिहितेय, ऑक्टोबरमध्ये. आणि मनापासून जमणार नसेल तर स्टेलाला दिवाळीआधी सांग, म्हणजे तिला दुसऱ्याला विचारता येईल. मी रागावणार नाही. बाबा म्हणतात हे वाक्य खोड. राहू दे.

तुझी
आई

ता. क. पांढरा झगा मी शिवायला टाकतेय, सुती, पुढून बटणांचा, कारण पाण्याआधीचं पहिलं तेल छातीला लावतात. टिकल्या-बिकल्या नाहीत, टोचतात. स्टेलाला सांग, बाळाला घरून तो घालून आणू नकोस, तो पाण्यानंतर घालायचा असतो.