औषधे थांबवण्याचेही राष्ट्रीय धोरण हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी फार्मासिस्ट असून औषधाच्या दुकानात काम करतो. रिकाम्या स्ट्रिपांचे कापलेले तुकडे रबर लावून आणणारे आणि ‘हेच द्या, महिन्याचं’ एवढेच सांगणारे आजी-आजोबा रोज येतात. त्या पुडक्यात अनेकदा रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन असते आणि जोडीला पायावरची सूज उतरवण्यासाठी लघवीची गोळी. ती सूज मुळात अ‍ॅम्लोडिपिननेही येऊ शकते, हे कोणी तपासलेले नसते. दवाखान्यातून सोडताना काही आठवड्यांसाठी दिलेली पॅन्टोप्राझोल ही आम्लपित्ताची गोळीही वर्षानुवर्षे चालू राहते. एका तज्ज्ञाने दिलेली गोळी दुसरा बंद करत नाही, ‘मोठ्या डॉक्टरांचं औषध’ म्हणून फॅमिली डॉक्टर तिला हात लावत नाहीत आणि गोळी कमी केली की घरच्यांना उपचारांत हयगय झाल्यासारखे वाटते.

यावर राष्ट्रीय धोरण हवेच, पण ते संबंधितांना विश्वासात घेऊन ठरावे. केंद्राने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर (एकाच गोळीत दोन किंवा अधिक औषधे असलेल्या) बंदी घातली, तेव्हा कायद्याने स्थापन झालेल्या सल्लागार मंडळाचा सल्ला न घेतल्यामुळे दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली; पुढे सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण त्याच मंडळाकडे पाठवले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर पुन्हा बंदी आली. अडीच वर्षे त्यात गेली. वृद्धांच्या गोळ्या कमी करणे तर याहून नाजूक काम आहे, कारण झोपेची गोळी किंवा रक्तदाबाची काही औषधे एकदम सोडली तर अपाय होतो. (वाचकांनीही परस्पर काही बंद करू नये, ही कळकळीची विनंती.)

प्राथमिक आरोग्यसेवेतील किमान १० टक्के औषधे अनावश्यक असावीत, असा अंदाज इंग्लंडमधील सरकारी आढाव्याने २०२१ मध्ये मांडला. तिथे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत फार्मासिस्ट रुग्णासोबत बसून सगळ्या औषधांची फेरतपासणी करतात. आपल्याकडे डॉक्टरांच्या संघटना, फार्मासिस्ट, परिचारिका आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांचे आधी एका प्रश्नावर एकमत व्हायला हवे: औषध थांबवण्याचा अधिकार आणि जबाबदारी कोणाची? माझ्या मते ती फॅमिली डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी यांच्याकडे असावी आणि गोळी कशासाठी व कधीपर्यंत घ्यायची, हे तज्ज्ञांनी चिठ्ठीवरच लिहावे. औषध कंपन्यांचे म्हणणे जरूर ऐकावे, मात्र निकष ठरवणाऱ्या समितीत त्यांना जागा नसावी.

आपला,
एक फार्मासिस्ट, सातारा