तुझा सोरायसिस डॉक्टरांना सांगायचा आहे

रामबाग, इंदूर
८ डिसेंबर

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. तुला सोरायसिस, म्हणजे कातडीवर खवल्यांचे चट्टे उठवणारा आजार, आणि आता तुझ्या अमेयची टाच आणि बोट सुजलंय, त्यावर "पोराला हे मीच दिलं" असं तू लिहिलंस, त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. अमेयला विचारूनच लिहितोय, त्याच्या पाठीमागे काही नाही.

रविवारी तो आमच्याकडे पोहे खायला येतो. जिना उतरताना कठडा धरतो, टाच टेकवत नाही. तास-दीड तास हिंडला-फिरला की मोकळा होतो. मुरगळलेला पाय चालल्यावर जास्त दुखतो. याचं उलट आहे: रात्रभराच्या विश्रांतीनंतर सर्वांत वाईट आणि हालचालीने बरं. हे सुजेच्या आजाराचं लक्षण. शिवाय उजव्या पायाचं चौथं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलंय आणि अंगठ्याच्या नखावर टाचणीने टोचावं तसे बारीक खड्डे आहेत. अंगावर चट्टा मात्र एकही नाही, त्यामुळे तुझ्या आजाराशी याचा संबंध कुणी जोडलाच नाही. एका डॉक्टरांनी युरिक ॲसिड म्हणून डाळ-टमाटे बंद केले. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी, निगेटिव्ह आली, तेव्हा "वात नाही" म्हणून घरी पाठवलं.

सुहास, सोरायसिसच्या सांधेदुखीत आरए फॅक्टर बहुधा निगेटिव्हच येतो. २००६ साली या आजाराचे जे निकष ठरले, त्यांना कॅस्पर म्हणतात, त्यांत निगेटिव्ह आरए फॅक्टरला एक गुण आहे. नखांवरच्या खड्ड्यांना एक, अख्खं बोट सुजण्याला एक. आणि रुग्णाला स्वतःला सोरायसिस नसेल, पण रक्ताच्या जवळच्या नात्यात असेल, तर त्यालाही एक. सांध्याला किंवा टाचेजवळच्या स्नायुबंधाला सूज असताना तीन गुण पुरतात. म्हणजे तू ज्याला तुझा गुन्हा समजतोयस, तो अमेयच्या निदानातला पुरावा आहे. आणि तोच कुणी विचारला नाही. अमेयनेही सांगितला नाही, कारण तुमच्या घरात ही गोष्ट पाहुण्यांसमोर पूर्ण बाह्यांच्या शर्टाखाली ठेवायची सवय आहे.

आता 'दिलं' या तुझ्या म्हणण्याविषयी. तेहतीस वर्षं पोरांना प्राणिशास्त्र शिकवलं, तेव्हा एवढं ऐकून घे. सोरायसिस एका जनुकाचा आजार नाही. २०१७ पर्यंतच त्याच्याशी जोडलेल्या जनुकीय जागा साठाच्या वर गेल्या होत्या, पुढे आणखी सापडल्या. त्यांतली सर्वांत वजनदार जागा सहाव्या गुणसूत्रावर आहे, तिथला एचएलए-सी जनुकाचा ०६:०२ हा प्रकार. तरुणपणी सुरू होणाऱ्या आणि घसा धरल्यानंतर अंगभर ठिपक्यांनी उठणाऱ्या सोरायसिसमध्ये तो पुष्कळदा सापडतो. पण तो प्रकार अंगात बाळगणाऱ्या बहुतेकांना सोरायसिस कधीच होत नाही. एकसारख्या जुळ्यांतही पुष्कळ जोड्यांत एकालाच होतो, आणि त्यांची जनुकं तर सारखीच असतात. जुन्या कौटुंबिक पाहण्यांतला अंदाज असा, की आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण १४ टक्के, दोघांनाही असेल तर ४१. अमेय जन्मला तेव्हा तुझ्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रतींपैकी कोणती त्याच्याकडे गेली, यात तुझी निवड कुठेच नव्हती. वहिनींच्या माहेरचा विषय काकू काढतात, तोही थांबव. त्यांचाही यात काही दोष नाही.

सांध्यांची गोष्ट थोडी वेगळी. १९७३ साली इंग्लंडमध्ये मोल आणि राइट यांनी रुग्णांच्या नातेवाइकांची पाहणी केली, तेव्हा जवळच्या नात्यात हा संधिवात इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळला. त्याच वर्षी एचएलए-बी २७ हा जनुकाचा प्रकार आणि मणक्याची सूज यांचं नातं उघड झालं. कातडीकडे झुकणारा एचएलए-सी ०६:०२ आणि पाठीच्या सुजेशी निगडित बी २७ ही दोन्ही एकाच गुणसूत्रावरची शेजारी, पण त्यांची कामं वेगळी. म्हणून बापाची कोपरं खवल्यांची आणि मुलाची टाच दुखरी, असं होऊ शकतं. बी २७ ची तपासणी पॉझिटिव्ह आली तर लगेच घाबरू नकोस, ते असलेले बहुतेक लोक धडधाकट असतात. निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं सिद्ध होत नाही.

मला घाई का झालीय, ते सांगतो. डब्लिनमधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पहिल्यांदा संधिवाततज्ज्ञाकडे पोचायला सहा महिन्यांहून जास्त उशीर झालेल्यांची हाडं जास्त झिजलेली होती, हालचालही मंदावलेली होती. झिजलेलं हाड परत येत नाही. अमेय एकतीसचा आहे रे.

औषधं आहेत. मेथोट्रेक्सेट दिलं तर ती गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे अमेयच्या बायकोलाही सांग. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. सोबत फॉलिक ॲसिड, अधूनमधून लिव्हरची तपासणी, आणि दारू नको. त्याने भागलं नाही तर बायोलॉजिक, म्हणजे सजीव पेशींत बनवलेल्या प्रथिनांची इंजेक्शनं, त्याआधी क्षयाची तपासणी करतात. त्यांतलं ॲडॅलिमुमॅबचं इंजेक्शन २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस या औषध कंपनीने स्वस्तात आणलं, तेव्हापासून आपल्यासारख्यांना ते विचारात तरी घेता येतं. आणि ज्या जनुकांना तू शिव्या देतोस, त्यांतल्या एकाच्या प्रथिनावरच औषधही आहे: २००७ साली आयएल-१२बी जनुकाचं सोरायसिसशी नातं दाखवलं गेलं, आणि त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला अडवणारं उस्टेकिनुमॅब हे औषध आज वापरात आहे.

गुरुवारी संध्याकाळची संधिवाततज्ज्ञांची वेळ घेतलीय. मी सोबत जाणार आहे. त्याआधी एका कागदावर लिहून पाठव: तुला पहिला चट्टा कोणत्या वर्षी उठला, आधी घसा धरला होता का, नखं कधी बिघडली, कंबर सकाळी आखडते का. आणि अमेयच्या आजोबांचं, अण्णांचं आठव. शेवटच्या वर्षांत त्यांची बोटं पेटीच्या पट्ट्यांवर सरळ बसत नव्हती, आपण म्हातारपणचा वात म्हणून सोडून दिलं होतं. त्यांच्या कोपरांवर, डोक्यात, कानामागे खवले होते का, हे तुला आठवत नसेल तर ताईला आजच फोन करून विचार. आजोबांचा आजारही निकषांत धरतात.

तुझी स्वतःची सकाळची पाठ दुखत असेल तर तेही लपवू नकोस, नागपूरला दाखवून घे.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक