पंक्चर काढलंय

प्रिय पंडित,

चार महिने गप्प होतो, त्याच्या शिव्या आधी घालून घे. झाल्या? तब्येत बरी आहे, गुडघा जिथल्या तिथे. पत्र मुद्दाम कागदावर लिहितोय, कारण पुढे कळेल.

तू आपल्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करून ठेवतोस, म्हणजे लंबूचं तुला अर्धंच माहीत असणार. त्याने रात्री दीड वाजता लिहिलं होतं. नोकरी जाऊन आठ महिने झाले, घरात बायकोशिवाय कुणाला पत्ता नाही, रोज सकाळी बॅग अडकवून निघतो आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसतो. शेवटी त्याचं नेहमीचं, ‘चालतंय, पंक्चर काढलंय.’ उजाडेपर्यंत साठेक उत्तरं आली. आणि काय उत्तरं, पंडित! एरवी शिळे विनोद ढकलणारी आपली माणसं. एकाने स्वतःच्या बायोडेटातली दोन वर्षांची रिकामी जागा दाखवली. ती लपवू नकोस, लोक तारखा जुळवून बघतात, म्हणाला. दुसऱ्याने पगाराचा आकडा आपण आधी का बोलायचा नाही ते समजावलं. आणि मागच्या बाकावरचा आपला तो मुका, त्याने झोपेच्या गोळ्या कधी सुरू झाल्या आणि कशा सुटल्या तेही लिहून टाकलं. पंचवीस वर्षांत तो एवढं बोलला नव्हता.

कॅप्टन म्हणाला, हे सोनं कुलपात कशाला? ज्युनिअर पोरांना द्या. मी तर टपूनच बसलेलो. माझं मत तुला ठाऊक आहे, ऑर्कुटच्या साइटवर आपण पडीक असायचो त्या दिवसांपासूनचं. तू कम्युनिटी बंद ठेवा म्हणत होतास, मी तुला तिजोरीवाला म्हणालो, तू मला चावडी म्हणालास आणि तीन आठवडे अबोला. बंद दारांची वकिली करणारा तू, दुपारभर दुसऱ्यांची स्क्रॅपबुकं वाचायचास! प्रश्न एकाच्या पानावर, उत्तर दुसऱ्याच्या, म्हणजे दोन्ही घरं फिरल्याशिवाय गोष्ट पुरी होत नसे. आणि ‘पान कोण पाहून गेलं’ त्या यादीत तुझा फोटो सगळ्यांत वर. कुणाच्या पानावर ते आता लिहीत नाही, वहिनी पत्र वाचतील.

पण माझा मुद्दा खोटा नव्हता. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, तेव्हा सार्वजनिक कम्युनिट्यांच्या चर्चा गूगलने पुढे काही काळ वाचायला ठेवल्या. उघडं होतं ते मागे उरलं. आपण पास झालो तेव्हा पहिल्या नोकरीत कुणाला काय विचारायचं हे सांगणारं कोण होतं? सीनिअर्सना माहीत होतं, त्यांच्या आपापसात.

म्हणून त्या रात्रीच्या लिखाणाचं संकलन मी केलं. कॅप्टनने नाही, मी. सगळ्यांना वाटतं त्याने केलं, आणि मी वाटू दिलंय. हे फक्त तुला सांगतोय.

मी काळजी घेतली होती रे. नावं काढली, गावं काढली, कंपन्या काढल्या. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ पासूनचा नियम आहे ना, काय बोललं गेलं ते वापरा पण कोण बोललं ते कळू देऊ नका, तो तर मी वर ठळक अक्षरांत टाकला होता, शहाण्यासारखा. मग ज्युनिअर्सच्या ग्रुपवर सोडलं. दोन दिवसांत ते हॉस्टेलभर फिरलं आणि लंबूच्या पोरीपर्यंत गेलं. ती वाचत वाचत ‘पंक्चर काढलंय’पर्यंत आली.

ते वाक्य मी का ठेवलं माहितेय? छान होतं म्हणून. शेवट त्यावर चांगला होत होता.

लंबू चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने ग्रुपही सोडला नाही. रोज सकाळी सातला सूर्योदयाचं चित्र टाकतो. रात्री दीडला आता कुणीच काही लिहीत नाही. मुका पुन्हा मुका झाला.

आणि कॅप्टन अजून हटून बसलाय. रविवारी मतदान ठेवलंय, ग्रुपमधल्या चर्चा सगळ्या बॅचेसना खुल्या करायच्या की नाही. विरोधकांमधला एक म्हणतो, आपलं सगळं २०१६ पासून एन्क्रिप्टेड आहे, बाहेर जाईलच कसं? अरे, कुलूप वाटेतल्या चोराला असतं. घरातल्यानेच स्क्रीनशॉट काढून दिला तर कुलूप काय करणार? मी कुलूप कुठे तोडलं, माझ्याकडे किल्लीच होती.

मला आता एवढंच कळतंय की बोललेलं उचलून बाहेर न्यायचं नाही, नाव काढूनसुद्धा नाही. ज्याला पोरांना सांगायचंय त्याने त्यांच्यासाठी नव्याने लिहावं, उजेडी, पूर्ण शुद्धीत. कॅप्टन म्हणेल, मग कुणी लिहिणारच नाही. त्याचंही खरं आहे. साठ उत्तरं आली ती लंबूसाठी आली. ‘भावी पिढीस मार्गदर्शन’ म्हणून मागितली असती तर सहा आली नसती. इथे माझी गाडी अडते. तू म्हणशील, सांगत होतो ना, चावडी. म्हण.

तुझ्या आईंना बरं वाटतंय ना? धाकटीचा निकाल ऐकला, तिला शाबासकी दे. घर बदललंस म्हणे, पत्ता जुनाच घालतोय, पोचेल अशी आशा.

रविवारच्या आत मला खरं बोलायचंय. आधी लंबूला सांगू की कॅप्टनला? लंबूला सांगितलं तर तो ‘चालतंय’ म्हणेल, आणि तेच मला ऐकवणार नाही. फोन कर. काही लिहून पाठवू नकोस.

तुझा,
बाब्या