मोऱ्या, जनरेटर घेऊ नकोस

सिंदेवाही, जि. चंद्रपूर
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मोऱ्या,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात चार जण फवारणी पंप घेऊन उभे होते, म्हणून धड बोललो नाही. राग मानू नकोस. राहण्याजोग्या केलेल्या तुझ्या त्या गाडीत विजेसाठी जनरेटर घ्यायचा की बॅटरी, याचं तुला एका ओळीत उत्तर हवं होतं. एका ओळीत सांगतो, बॅटरी घे. पण तू मला लहानपणापासून ओळखतोस, एका ओळीत माझं कधी भागलं आहे? आज दुकान बंद आहे, पोरं मंडईच्या जत्रेत नाटक बघायला गेली आहेत, घरात शांतता आहे. म्हणून लिहायला बसलो.

गाडीचे फोटो पाहिले. वहिनींनी लावलेले पडदे फक्कड. ओटा, सिंक, घडीचा पलंग, सगळं छान जमवलंस. पण बॅटरीसाठी ठेवलेली ती टीचभर जागा पाहून हसलो लेका. आमच्याकडे लोक घर बांधतात तेव्हा प्लास्टर झाल्यावर वायरमनला बोलावतात, तसंच केलंस तू.

तुझी यादी समोर घेऊन बसलोय. एसी, इंडक्शन, मिक्सर, फ्रीज, दोन पंखे, दिवे, लॅपटॉप. यातल्या पहिल्या तिघांवर मी काट मारली. रागावण्याआधी हिशेब बघ. बारा व्होल्टचे दोन पंखे, वीस-वीस वॅटचे, रात्रीचे नऊ तास, म्हणजे ३६० वॅट-तास. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना पन्नासेक वॅट खातो, पण तो दिवसातून निम्मा वेळच चालतो, ते ६०० धर. दिवे, मोबाईल, लॅपटॉप, पाण्याची मोटर मिळून दोनशे-अडीचशे. एकूण झाले बाराशेच्या आसपास, म्हणजे सव्वा युनिट. चौघांच्या गाडीला दिवसभर एवढंच लागतं. आता एसी मिळव. एक टनाचा एसी चालू असताना हजारेक वॅट ओढतो. मधे मधे कॉम्प्रेसर थांबतो असं धरलं तरी एका रात्रीत पाच युनिटं जातात. म्हणजे नुसत्या गारव्यासाठी चौपट बॅटरी. इंडक्शन तर दोन हजार वॅटचा. चहासाठी गॅसची छोटी शेगडी ठेव, संपला विषय.

तू म्हणशील, मे महिन्यात यायचं आणि एसी नाही? बाबा रे, मे महिन्यात ताडोब्यात पाणवठे आटतात, म्हणून वाघ दिसतो, हे खरं. पण त्याच महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ वर जातो आणि तुझी पत्र्याची गाडी चुलीवरच्या तव्यासारखी तापते. तिथे एक टनाचा एसीही दम टाकतो. यायचंच असेल तर आमच्या शेतकऱ्यांसारखं कर. शेतावर जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, जाणाऱ्या लोकांकडे आता बारा व्होल्टचा डीसी कूलर असतो, साठ-सत्तर वॅटचा. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी खडखडीत, म्हणून कूलर इथे जेवढा लागू पडतो तेवढा तुमच्या मुंबई-कोकणात पडत नाही. फक्त पाणी भरून ठेव आणि खिडकी किलकिली सोड, नाहीतर आत नुसता दमटपणा. मृगाचा पहिला पाऊस पडला की मात्र तोच कूलर अंगाला चिकटायला लागतो. मला विचारशील तर पौषात ये. पंखासुद्धा लागणार नाही, आणि घोडाझरी तलावाच्या काठावर सकाळी शेकोटी करू.

आता बॅटरी कोणती. दुकानात तुमच्या घरच्या इनव्हर्टरला असते तशी दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिडची, आहे. बारा गुणिले दीडशे, अठराशे वॅट-तास होतात कागदावर. पण लेडची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हाती येतात नऊशे. तुला दोन लागतील, आणि एकेक पन्नास-साठ किलोची. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो तू पोरांच्या पलंगाखाली कोंडणार का? लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी जेमतेम बारा-तेरा किलोची असते, १२८० वॅट-तासांची, आणि त्यातले हजार-अकराशे बिनधास्त वापरता येतात. तशी दोनशेची घे. दीड-दोन दिवस ऊन दिसलं नाही तरी चालेल.

माझ्या दुकानात लेडच्या बॅटऱ्या कशाने मरतात माहीत आहे? वापराने नाही, उपासाने. धानावर फवारणी झाली की पंप कोठ्यात टांगला जातो, तो पुढच्या पोळ्यापर्यंत कुणी बघत नाही. बॅटरी आपोआप उतरत राहते, प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि मग कितीही चार्जिंगला लावा, ती घेत नाही. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेल्या झटका मशीनच्या बॅटरीचंही तेच. दरवर्षी श्रावणात माझ्याकडे रांग लागते आणि दरवर्षी मी तेच सांगतो, महिन्यातून एकदा चार्ज करा जी. ते "हो जी" म्हणतात आणि पुढच्या श्रावणात परत येतात. माझं पोट त्यावरच चालतं म्हणा. तुझी गाडी तर वर्षातले दहा महिने पार्किंगमध्ये उभी राहणार, म्हणूनही लिथियम. ती अर्धी भरून, मेन स्विच बंद करून ठेवली की महिनोन्‌महिने तक्रार करत नाही.

ऊन मात्र दोघींचंही वैरी. लेडच्या बॅटरीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. लिथियमला बहुधा ४५ अंशांपुढे चार्जिंग चालत नाही, आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, ते स्वतःच तोडतं. मग तू दुपारी फोन करशील, गज्या, बॅटरी खराब निघाली. खराब नाही, तापली आहे. म्हणून ती इंजिनच्या भिंतीला किंवा पत्र्याला टेकवू नकोस. मधल्या सीटखाली, हवा खेळेल अशी ठेव.

आणि स्वस्तात मिळते म्हणून कुठूनही आणू नकोस. मागच्या वर्षी मीच फसलो. नाव कशाला घ्यायचं, पण झगमगीत स्टिकर होतं, १०० अँपिअर-अवर. संशय आला म्हणून पूर्ण चार्ज करून तिला गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावला आणि घड्याळ घेऊन बसलो. तो बल्ब साडेचार-पावणेपाच अँपिअर घेतो. बॅटरी खरी असती तर एकवीस-बावीस तास जळायला हवा होता. दुपारी बाराला लावलेला बल्ब रात्री एकला विझला. म्हणजे आत साठच्याच आसपास होतं, जुने वापरलेले सेल नव्या डब्यात भरलेले. तू पण घेतल्यावर ही परीक्षा घे, पावती आणि वॉरंटी हातात असतानाच घे.

वायरिंगचं थोडक्यात. गाडीच्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राला, लिथियम थेट जोडू नकोस. ती एवढा करंट मागते की अल्टरनेटर जळू शकतो. मधे करंट आवरणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतोच. टपावर दोनशे वॅटची दोन पॅनेलं बसव, पॅनेलातून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या एमपीपीटी कंट्रोलरसह. टपावर पॅनेल आडवं असतं, वरून तापतं, तरी आपल्या उन्हात दीड युनिट रोज मिळतं, म्हणजे तुझा दिवस निघाला. इनव्हर्टर प्युअर साइनचा, म्हणजे घरच्या लाईनसारखी वीज देणारा, घे, स्वस्तातल्यावर लॅपटॉपचा चार्जर गुरगुरतो. बारा व्होल्टवर हजार वॅट ओढले की वायरमधून ऐंशी-नव्वद अँपिअर जातात, घरातली वायर तिथे वितळेल. आणि आरटीओत नोंद करून घे, गाडीत असले बदल परवानगीशिवाय चालत नाहीत, उद्या विम्याचा प्रश्न येईल.

आता जनरेटर. जनरेटरवाल्याचा पोरगा जनरेटर घेऊ नको म्हणतो, हे तुला गंमतीचं वाटेल. बाबांचं ट्रॉलीवरचं डिझेल इंजिन आठवतं ना? हँडल मारायला आपण दोघं लागायचो. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला की रात्री नाटक, आणि आपल्या पूर्ण झाडीपट्टीत कुठेही नाटक असलं की स्टेजचा उजेड आमचा. नायिका रडायला लागली की बाबा इंजिनकडे धावायचे, कारण नेमका तेव्हाच आवाज वाढायचा. त्याशिवाय एक लहान यंत्र होतं, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं. ते रंगपटाच्या दिव्यांसाठी.

त्या लहान यंत्राची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू तेव्हा पुण्याला गेला होतास. जानेवारीत अवकाळी पाऊस आला, म्हणून आम्ही ते यंत्र उचलून रंगपटाशेजारच्या बंद खोलीत ठेवलं. थंडी होती. मी आणि आमचा कामावरचा पोरगा तिथेच पोत्यांवर आडवे झालो, इंजिनची ऊब छान लागत होती. डोकं दुखायला लागलं, मला वाटलं जागरणाने. मग मळमळ, मग काहीच नाही. खोलीतली हवा संपत आली तसं इंजिन अडखळायला लागलं, रंगपटातले बल्ब फडफडले आणि अर्ध्या मिशा लावलेला एक नट ओरडला, "अरे, लाईट पाहा जी!" बाबा यंत्र बघायला आले म्हणून आम्ही सापडलो. पायाला धरून पावसात ओढलं त्यांनी आम्हाला. दोघंही शुद्धीवर आलो, पण तो पोरगा पुन्हा कामावर आला नाही.

पुढे वाचून कळलं, कार्बन मोनॉक्साईड. वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. धूर दिसला तर माणूस उठून जातो, हा तर झोप आणतो. तू फोनवर म्हणालास, मागच्या डिकीत जनरेटर ठेवून दार थोडं उघडं ठेवीन. मोऱ्या, तेवढ्यासाठी हे पत्र लिहितोय. डिकीत नाही, गाडीखाली नाही, खिडकीजवळच्या ताडपत्रीखालीही नाही. वीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धुराड्याचं तोंड गाडीकडे नको, आणि सगळे झोपायच्या आधी बंद. आत मोनॉक्साईडचा अलार्म लाव, जनरेटर नसला तरी लाव, तुझी गॅसची शेगडी आहेच.

एवढं वाचूनही घेणारच असशील, तर उघड्या सांगाड्याचा नको, एक केव्हीएचा इनव्हर्टर जनरेटर घे. वजन तेरा-चौदा किलो, आवाज बराच कमी, तासाला अर्धा लिटरच्या आसपास पेट्रोल. त्याच्यावर बारा व्होल्टचा एक सॉकेट असतो, त्याला भुलू नकोस. त्यातून आठेक अँपिअरच येतात, तुझी दोनशेची बॅटरी भरायला पंचवीस तास लागतील. त्याच्या २३० व्होल्टच्या पिनेवर चाळीस अँपिअरचा चार्जर लाव, पाच तासांत काम होतं. प्रवास झाल्यावर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं कर. आताचं इथेनॉलचं पेट्रोल पाणी धरतं, दोन महिन्यांनी कार्बोरेटरचा जेट चोंदतो आणि तू दोरी ओढून ओढून खांदा उतरवून घेशील. आणि ताडोब्याच्या गेटजवळच्या होमस्टेमध्ये रात्री तो सुरू केलास तर गावकरी बोलतील, ते मला ऐकावं लागेल.

माझं म्हणणं, विकत घेऊच नकोस. चार-पाच दिवस ढगाळ राहिलं तर इथून घेऊन जा, माझ्याकडे एक पडून आहे. बाबांचं डिझेल इंजिनही आहे अजून, मागच्या छपरीत. पोत्यांनी झाकलेलं. भंगारवाला तीनदा येऊन गेला, माय हो म्हणत नाही. आता नाटकवाल्या कंपन्यांकडे स्वतःच्या सोयी आल्या आणि गावात लाईनही तेवढी जात नाही, त्यामुळे त्याला कुणी विचारत नाही.

मार्कंड्याला जायचं म्हणालास, तर माझ्या घरावरूनच रस्ता. गाडी चिंचेखाली लाव, सावली दुपारी चारपर्यंत टिकते. मी बाहेर पंधरा अँपिअरचा प्लग काढून ठेवतो, रात्रभर चार्जिंगला लाव, बिल मागणार नाही. वायर मात्र तुझी आण, जाड आणि तीन कोरची, घरापासून झाडापर्यंत वीस मीटर भरतं.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझाच,
गज्या

ता. क. फ्यूज लिहायचा राहिला. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभरातच बसव, इनव्हर्टरपाशी नाही. मधली वायर घासून बॉडीला लागली तर करंट तोडणारं तिथे दुसरं काही नसतं.